बोलेरोला डिझेल कुठे भरायचं?

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत की सावंतवाडीतला पंप, हायवेवरचा पंप की गोव्याची हद्द, बोलेरोला डिझेल कुठलं घालायचं. फोनवर हे अर्धवटच सांगून होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दराचं मिटवू. डिझेलचा दर रोज सकाळी ६ वाजता बदलतो, पण आपल्या भागातल्या एका पंपापासून दुसऱ्यापर्यंत फरक पडतो तो पैशांचाच. गोव्यात स्वस्त मिळतं, हे खरं. लिटरमागे ३ रुपये वाचतात असं धरा. ४० लिटरला वाचले १२० रुपये. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात आणि गाडी लिटरला १२ देते म्हटलं, तर त्यातच अडीच लिटर जळलं, म्हणजे सव्वादोनशे रुपये गेले. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात तपासणीला किंवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणारच असाल तर येताना तिकडे जरूर भरा. नुसत्या डिझेलसाठी जाऊ नका.

पंप निवडायचा तो खप बघून. ज्या पंपावर दिवसभर ट्रक आणि टेम्पो लागलेले असतात तिथली जमिनीखालची टाकी पुन्हा पुन्हा रिकामी होते, डिझेल ताजं राहतं आणि तळाशी पाणी साचायला वेळ मिळत नाही. आडबाजूच्या पंपावर टँकर कधीतरी येतो. आपल्याकडच्या पावसात टाकीच्या झाकणातून पाणी उतरतं, दमट हवेचं पाणी आत धरतं, आणि ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतं. म्हणून हायवेवरचा चालता पंप बरा. त्यातही कंपनी स्वतः चालवते असा मिळाला तर उत्तम. टाक्यांची झाकणं जमिनीपासून उंच आणि घट्ट आहेत का, भोवती पाणी तुंबतं का, हे गाडीत बसल्या बसल्या दिसतं. टँकर खाली होत असेल तर त्या दिवशी भरू नका, कारण तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

नवीन पंप धरायचा असेल तर पहिल्यांदा दोन गोष्टी मागा. दोन्ही ग्राहकाचा हक्क आहेत, पैसे पडत नाहीत. पहिलं, पाच लिटरचं माप. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं माप प्रत्येक पंपावर असावंच लागतं. त्यात ५ लिटर ओतायला सांगा, २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. ५०० ऐवजी ५१० रुपयांचं घ्या, असं लोक सांगतात त्यापेक्षा ही परीक्षा खरी.

दुसरं, घनता. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघायची रीत पेट्रोलची आहे, डिझेलचा डाग कागदावर राहणारच. डिझेलसाठी जारमध्ये हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी) आणि थर्मामीटर सोडतात, तक्त्यावरून आकडा १५ अंश सेल्सिअस तापमानाचा करतात आणि पंपाने नोंदवलेल्या घनतेशी ताडून बघतात. घनमीटरला ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. नोंद ८२९ असेल आणि ८२७ आलं तर ठीक, ८२४ आलं तर तिथे भरू नका. घनता खाली आली की पहिला संशय रॉकेलचा, कारण ते डिझेलपेक्षा हलकं आहे.

रॉकेलची एवढी धास्ती का, ते सांगते. आपली गाडी २००९ची, कॉमन रेल ही संगणकावर चालणारी नवी इंधनयंत्रणा येण्याआधीची. इंजिनात दाबाने डिझेल सोडणाऱ्या तिच्या इंजेक्शन पंपाला वंगण म्हणजे आत फिरणारं डिझेलच. रॉकेल पातळ, त्याला वंगण कमी. झिजलेल्या पंपात पातळ इंधन फटीतून मागे सरकतं आणि दाब तयार होत नाही. खूण ठरलेली आहे. सकाळी गाडी एका सेल्फात लागते, पण बाजारात थांबून गरम इंजिन पुन्हा लावताना सेल्फ मारत बसावं लागतं. असं भरल्या भरल्या सुरू झालं तर मेकॅनिककडे जाण्याआधी कुठल्या पंपावर भरलं ते आठवा. पाण्याची खूण वेगळी: सकाळी लागायला त्रास, पांढरा धूर, चालताना धक्के. आणि सपाटीला ठीक पण आंबोलीच्या चढाला दम सोडत असेल, तर आधी फिल्टर बघा.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेलच मिळतं, गंधक फक्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग. गंधक गेलं म्हणून जुने इंजेक्शन पंप मरतात, असं तुम्हाला कोणी सांगेल. गंधक काढताना वंगणपणा कमी होतो हे खरं, पण तो भरून काढणारं रसायन घातलेलं असतं आणि त्याची मर्यादा मानकातच दिलेली आहे. त्यामुळे वरून टूटी ऑईल (टू-स्ट्रोक गाड्यांचं तेल) ओतू नका. महागडं प्रीमियम डिझेलही या इंजिनाला लागत नाही. आणि २० टक्के इथेनॉलची चर्चा पेट्रोलची आहे, डिझेलची नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. मालवण-वेंगुर्ल्याकडे कोणी बंदरावरचं डिझेल कॅनमधून स्वस्तात देऊ करेल. मच्छीमारांना मिळणारी करसवलत होड्यांसाठी आहे, ते गाडीत घालणं बेकायदा. शिवाय त्या कॅनमध्ये खारं पाणी आणि गंज असतो. 'बायोडिझेल' म्हणून रस्त्याकडेला विकतात तेही नको.

आता किती भरायचं. टाकी साठ लिटरची, आणि तुमचं फिरणं महिन्याला अडीचशे किलोमीटर, म्हणजे वीसेक लिटर. पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. रिकाम्या जागेत दमट हवा शिरते, रात्री पत्र्याला पाणी धरतं, तळाशी काळा चिकट गाळ वाढतो. वीस-वीस लिटर भरत राहा. गळ्यापर्यंत नको, फेसामुळे नोझल आधीच बंद होतं आणि उरलेलं बाहेर सांडतं.

भरताना खाली उतरून "डिझेल" असं स्पष्ट सांगा आणि मशीनवर शून्य आणि डिझेलचा दर, दोन्ही बघा. चुकून पेट्रोल गेलं तर चावी फिरवूच नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी उपसून घ्या.

आई, तुझ्याकडे एक काम. कॉफीची रिकामी काचेची बाटली धुऊन पूर्ण कोरडी कर, लोणच्याची नको. डिझेल भरून आल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा फिल्टरखाली ती धरतील, तळाचा स्क्रू दोन आटे सैल करतील आणि फिल्टरवरचा हातपंप दाबत शंभरेक मिली काढतील. मग स्क्रू आवळून हातपंप कडक होईपर्यंत मारायचा. बाटली रात्रभर पडवीत ठेव, चुलीपासून लांब. सकाळी डिझेल पारदर्शक दिसलं तर झालं. तळाशी मण्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी. गढूळ दिसलं तर पाणी डिझेलमध्ये मिसळलंय, मग स्वच्छ येईपर्यंत पुन्हा काढायचं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांनी पुरे. फिल्टर वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर बदला.

बिलावर तारीख, वेळ आणि लिटर असतात. मागे किलोमीटरचा आकडा लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. बाटलीत पाणी दिसलं तर तेच बिल घेऊन पंपाच्या तक्रारवहीत नोंद करा. दाद लागली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. या शनिवारी बाटली उजेडात धरून तिचा फोटो मला पाठवा.

तुमची,
सोनू