कॅपिलरी बदलताना भोक मोजा

महोदय,

उन्हाळ्यात फ्रिजदुरुस्तीची घाई उडाली की कॅपिलरी (थंडावा देणाऱ्या द्रवाचा दाब उतरवणारी बारीक भोकाची नळी) म्हणून हाताला लागेल ती नळी बसवली जाते. आर-१३४ए या थंडावा देणाऱ्या वायूच्या घरगुती फ्रिजमध्ये या दोन-तीन मीटरच्या नळीत सुमारे ११ बारचा दाब जवळपास १ बारवर उतरतो. आधी आत नुसता द्रव असतो, दाब संथपणे घटतो. द्रवाची वाफ होऊ लागली की तेवढ्याच वजनाला कितीतरी जास्त जागा लागते, वेग वाढतो आणि शेवटच्या टप्प्यात दाब धाडकन कोसळतो.

भोक ०.८ ऐवजी ०.९ मिमीचे घेतले, तर प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मग फ्रीझरमध्ये सगळा द्रव उकळत नाही, सक्शन लाइनवर (फ्रीझरकडून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर) बर्फ चढतो, द्रव कॉम्प्रेसरपर्यंत जातो.

कटरने नळीचे तोंड चेपते. कानशीने खाच पाडून मोडावी. फिल्टर ड्रायरमध्ये (कचरा गाळणाऱ्या, ओलावा शोषणाऱ्या नळकांड्यात) १०-१५ मिमी आत घालावी, त्यातल्या जाळीला टेकवू नये. ड्रायर दर वेळी नवाच हवा. ओलावा राहिला तर नळीच्या टोकाशी बर्फ धरून थंडावा बंद पडतो, वितळला की परत सुरू. यालाच ‘गॅस कमी आहे’ म्हणून ग्राहकाच्या खिशात पुन्हा हात घातला जातो!

– एक रेफ्रिजरेशन तंत्रज्ञ, नाशिक