कातरलेली लोकर उकिरड्यावर का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सुनेनं शहरातल्या एका दुकानातून ‘अस्सल’ म्हणून घोंगडं आणलं. हात फिरवला आणि मला शंका आली. दशीतला एक धागा ओढून त्याला काडी लावली. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता, राख बोटात चुरली असती. इथं धागा वितळून त्याचा टणक मणी झाला. पैसे मात्र लोकरीचे घेतले होते.

माझे वडील हातकणंगले तालुक्यात सनगरकाम, म्हणजे घोंगडी विणायचं काम, करायचे. घरातच खड्ड्याचा माग होता. धनगरांनी आणलेली लोकर पिंजायची, आई चरख्यावर सूत काढायची, मी कांड्या भरायची. ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, गल्लीत ताणून त्याला कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावत. त्या दिवशी आमच्या गल्लीतून बैलगाडी जात नसे! नवं घोंगडं या खळीमुळं ताठ असतं, बोचतं. धुऊन वापरात आलं की अंगाला सरावतं. राधानगरी-गगनबावड्याकडची माणसं पावसाळ्याआधी घोंगडी न्यायला येत. खोळ करून डोक्यावर घेतली की भाताच्या लावणीत दिवसभर ऊब राही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही.

ती राठ, काळी लोकर दख्खनी मेंढीची. मेंढी आजही कातरावीच लागते, पण लोकर घेणारं कुणी नाही. आमच्या ओळखीचे मेंढपाळ पोती भरून उकिरड्यावर टाकतात, वर कातरणाऱ्याची मजुरी पदरची जाते. म्हणून मटणासाठी माडग्याळ मेंढीकडे वळणारेही आहेत. तिच्या अंगावर लोकर नावालाच. काही वस्तू फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा १९८५ चा कायदा आहे, त्यात कांबळीही येतात. पण मागावर चढवायला सूतच नसेल तर त्या कायद्याचा विणकराला काय उपयोग?

हातकणंगले तालुक्यातल्याच पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. कर्नाटकातलेसुद्धा मेंढपाळ तिथं येतात. शेळी-मेंढी विकास महामंडळानं यात्रेच्या दिवसांत तिथं वजनकाटा लावून लोकर रोखीनं घ्यावी आणि सूत काढणाऱ्या बायकांपर्यंत पोचवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. आईचा चरखा माळ्यावर आहे. मी सत्तरी ओलांडली, पण हात सूत विसरलेले नाहीत. शिकायला कुणी आलं तर चरखा खाली काढीन.

आपली,
एका सनगराची मुलगी, कोल्हापूर