पणजोबांच्या युद्धपदकाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पदकाचे झालेले नुकसान व चुकीचा अहवाल

महोदय,

पणजोबांच्या पदकावरून त्यांच्या लष्करी नोकरीची माहिती काढून द्याल म्हणून मी आपल्याकडे ६,५०० रुपये भरले. फोटो चालणार नाही, मूळ पदकच हवे, असे आपल्या माणसाने सांगितले. आजीने देव्हाऱ्याच्या खणात जपलेला तो बिल्ला मी कुरिअरने पाठवला.

परत आला तो आरशासारखा चकचकीत. पहिल्या महायुद्धाचे हे चांदीचे पदक. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, सगळा शोध तिथूनच सुरू होतो. आपण नेमकी तीच कड घासली. आता नंबरातले दोन आकडे बोटाला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पॉलिश करा असे मी कुठेही लिहिले नव्हते.

पाठवण्याआधी कडेचा फोटो मी तिरप्या उजेडात काढून ठेवला होता, तो सोबत जोडला आहे. त्यात ११०वी मराठा पलटण स्पष्ट वाचता येते. आपल्या अहवालात ११६वी आहे, आणि म्हणून ‘कूटच्या वेढ्याशी संबंध नाही’ असा निष्कर्षही आहे! आजच्या इराकमधल्या कूट-अल-अमारा इथे तुर्कांनी ब्रिटिशांच्या हिंदी फौजेला घातलेल्या या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपले तेव्हा घोडे कापले गेले. पणजोबांनी त्या मटणाला शेवटपर्यंत हात लावला नाही आणि पुढे ते तुर्कांच्या कैदेत गेले, असे आजी सांगायची. लहानपणी मला कूट म्हणजे शेंगदाण्याचेच वाटे, ते सोडा. पण घरात शंभर वर्षे सांगितलेली गोष्ट आपण एका आकड्यावर खोटी ठरवलीत.

पणजोबांच्या नोकरीचे कागद न मिळण्याचे अहवालात दिलेले ‘१९४०च्या बाँबहल्ल्यात कागद जळाले’ हे कारणही पटत नाही. लंडनला जळाले ते ब्रिटिश सैन्याच्या शिपायांचे कागद. हिंदी लष्करातल्या शिपायांचे तिथे नव्हतेच. दुसऱ्या कुणाच्या अहवालातला परिच्छेद इथे चिकटवलेला दिसतो. शिवाय अहवालात पदकाला ‘शौर्यपदक’ म्हटले आहे. ते युद्धसेवेचे पदक आहे, लाखोंना मिळालेले.

पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी आणि ११०व्या पलटणीप्रमाणे दुरुस्त अहवाल द्यावा. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दुरुस्तीसाठी पदक पुन्हा पाठवणार नाही, फोटोवरूनच काम करावे.

आणखी एक. पदकाला आता नवी फीत लावली आहे. जुनी विटलेली होती, पण तिला आजीने काळ्या दोऱ्याने चार टाके घातले होते. ती फेकली नसेल तर साध्या पाकिटातून पाठवा, टपालखर्च मी देईन.

आपली ग्राहक,
सातारा