मीटर आधी गल्लीच्या तोंडाशी लावा

मा. आयुक्त महोदय,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

मी भांडुप पश्चिमेला राहतो. आमच्या सोसायटीचा नऊ वर्षे खजिनदार होतो, त्यामुळे पाण्याचे बिल हा आवडीचा नसला तरी सवयीचा विषय. फेब्रुवारीत पालिकेचे अंदाजपत्रक येते. २०२५-२६ चे ७४ हजार ४२७ कोटींचे होते. पुढच्या वेळी जलवाहिन्या, यंत्रसामग्री आणि मीटर यांवर किती पैसा ठेवायचा हे ठरेल, तेव्हा एक विनंती आहे. इमारतींची मीटर बदलण्याआधी गल्लीच्या तोंडाशी मीटर लावा.

आधी कबुली देतो. आमच्या सोसायटीचे मीटर मध्ये काही काळ बंद होते. काटा हलत नाही हे मला ठाऊक होते, सेक्रेटरींनाही. मीटर बंद असले की मागच्या वापराच्या सरासरीने बिल येते, आणि आमची सरासरी निम्मे फ्लॅट रिकामे होते तेव्हाची. बिल कमी येत होते, मग बोलणार कोण? वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीवरून दोन तास भांडलो, मीटरचा 'म' कुणी काढला नाही. नवे मीटर बसून बिल चढले, तेव्हा मात्र सगळ्यांनाच ते 'पळतंय' असे वाटू लागले.

त्या वादापायी एका पहाटे टॉर्च घेऊन मीटरच्या खड्ड्यापाशी जाऊन बसलो. पाण्याची वेळ झाली. आधी फुसफुस ऐकू आली, काटा गरागरा फिरला आणि मग कुठे पाण्याचा आवाज आला. रिकाम्या पाइपातली हवा पाण्याच्या रेट्याने पुढे येते आणि मीटर तीही मोजते. प्लंबर हसून म्हणाला, "काका, हवेचं बिल." खरे सांगायचे तर हवा थोडी होती, बाकीचे पाणी आम्हीच वापरले होते. पण दिवसातून ठरावीक तास पाणी येणार, उरलेला वेळ पाइप कोरडा राहणार, पहिल्या लोटाबरोबर गाळ येणार, अशा ठिकाणी चांगले मीटरही लवकर म्हातारे होते. झाकण न उघडता वाचता येणारी एएमआर मीटर मुंबईत याआधी आलीच होती. यंत्र कितीही हुशार असले तरी ते चिखलाने भरलेल्या खड्ड्यात, झाकणावर कुणाची तरी बाइक उभी, अशाच जागी राहणार. पितळेचे असेल तर चोराचाही डोळा त्याच्यावर असतो.

मुख्य मुद्दा वेगळा आहे. इमारतीच्या मीटरपर्यंत जे पाणी पोहोचतच नाही, ते हे मीटर कसे मोजणार? सात तलावांतून शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यातले पावापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पाणी गळती आणि चोरीत जाते असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पावच धरू, तेही ९७५ दशलक्ष लिटर होते. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या मध्य वैतरणातून रोज ४५५ दशलक्ष लिटर मिळते, म्हणजे अशी दोन धरणे जमिनीत मुरतात. आणि रोज ४४० दशलक्ष लिटरच्या नियोजित गारगाई धरणासाठी जंगल बुडवायचे, गावे उठवायची. मुंबईकराला पाणी हवेच आहे, मलाही हवे आहे. पण आधी घरातला नळ बंद करावा, मग शेजाऱ्याकडे घागर मागावी.

गल्लीच्या तोंडाशी मीटर असले की हिशेब साधा होतो. आत किती गेले आणि सगळ्या इमारतींच्या मीटरची बेरीज किती. फरक निघाला तर तो गळतीचा, चोरीचा किंवा आमच्यासारख्या गप्प बसलेल्या सोसायटीचा. कोणती गल्ली आधी खोदायची हे त्यावरून ठरेल.

यंत्रसामग्रीच्या यादीत चावीवाल्याचाही विचार व्हावा. लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे रस्त्यावर असतो. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की टेकडीवरच्या चाळीला पाणी चढते, हे त्याच्या हाताला पाठ असते. तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. त्याला फेऱ्यांची आणि दाबाची नोंद करता येईल असे साधन द्या. गळती शोधणाऱ्यांनाही चांगली ध्वनियंत्रे द्या, कारण पाणी सुरू असते तेवढ्याच वेळात त्यांना गळती ऐकू येते. पाणी बंद झाले की त्याच भोकातून गटाराचे पाणी पाइपात शिरू शकते, हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे आत्ताच मांडण्याचे कारण रस्ते. शहरभर सिमेंट काँक्रीटीकरण सुरू आहे. काँक्रीट एकदा पडले की खालची गळती वर दिसत नाही, आणि मीटरसाठी खड्डा हवा असेल तर नवा रस्ता फोडावा लागतो. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी जल अभियंता खात्याने मीटरची आणि व्हॉल्व्हची जागा आखून द्यावी, आणि तसे झाल्याशिवाय रस्ते खात्याने काम पुढे नेऊ नये, एवढा आदेश आपण काढावा. त्याला फारसा पैसा लागत नाही.

आमची गल्लीही सध्या खोदलेली आहे. काँक्रीट पडायला अजून अवकाश दिसतो, जलवाहिनी उघडीच आहे. खड्डा आयता आहे.

आपला,
एका सोसायटीचा माजी खजिनदार
भांडुप (पश्चिम), मुंबई