आधी दिलेलं आरक्षण हाती तरी पडू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेशाचा हंगाम आला की आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात आरक्षणाचा विषय हमखास येतो. यंदाच्या पत्रांत अमेरिकेचा दाखला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, मग आपणच हे किती दिवस चालू ठेवायचं, असा त्या पत्रांचा सूर. मी पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात अख्खी नोकरी करून निवृत्त झाले. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मुलांच्या फायली तपासणं हेच माझं काम होतं. त्या खिडकीवर काय घडतं ते या वादात कुणीच सांगत नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेचं आधी आटोपते. तिथे राखीव जागा १९७८ च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यापासूनच बेकायदा आहेत. त्यानंतर अर्ज बघताना वंश ही अनेक बाबींपैकी एक बाब म्हणून धरायची मुभा होती, ती २०२३ मध्ये गेली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप मात्र त्या निकालाने काढलं नाही. आपली वाट अगदी वेगळी आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानात नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. स्वातंत्र्यानंतर मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात प्रवेशातलं आरक्षण रद्द झालं, तेव्हा १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने त्याची वाट मोकळी करणारं कलम १५ (४) आणलं. २००५ मध्ये आपल्या पुण्याच्याच पी. ए. इनामदारांच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी सांगितलं, की विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती केली. आमच्यासारख्या महाविद्यालयात राखीव जागांची यादी भिंतीवर लागायची ती या दुरुस्तीच्या जोरावर. इतक्या वेळा न्यायालय आणि संसद यांच्यातून तावून सुलाखून निघालेली गोष्ट अमेरिकेच्या एका निकालाकडे बोट दाखवून मोडीत काढायची, हे मला पटत नाही.

राहिला आरक्षणामुळे गुणवत्ता मारली जाते हा मुद्दा. राज्यातल्या आरक्षणाची बेरीज ७२ टक्के होते असं सांगितलं जातं. जुनं ५२ टक्के, २०१९ पासून आर्थिक दुर्बलांचं १० आणि २०२४ पासून मराठा समाजाचं १०, अशी ती बेरीज. पण त्यातले आर्थिक दुर्बलांचे १० टक्के बाकीच्या आरक्षणात न बसणाऱ्यांसाठीच आहेत, हे पत्र लिहिताना विसरलं जातं. संगणक शाखेच्या याद्या मी वर्षानुवर्षं लावल्या आहेत. खुल्या आणि ओबीसी यादीतलं शेवटच्या मुलाचं अंतर कित्येकदा एका पर्सेंटाइलच्या आतलं असायचं. खासगी महाविद्यालयात संस्थेच्या पातळीवर भरायच्या २० टक्के जागा असतात. तिथे यादी किती खाली उतरते आणि फी किती वर चढते, याबद्दल गुणवत्तेच्या काळजीने लिहिलेलं पत्र माझ्या वाचनात आलेलं नाही. गुणवत्तेची एवढीच चाड असेल तर ती तिथेही दिसायला हवी.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आरक्षण ठेवावं की काढावं यावर आपण हमरीतुमरीवर येतो, आणि जे कायद्याने दिलेलं आहे ते मुलांच्या हाती पडतच नाही. जागा जाते ती टक्क्यांमुळे नाही, कागदामुळे जाते. जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर (तेही पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं), डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि सगळ्यांत अवघड ते जात वैधता प्रमाणपत्र. आम्ही त्याला नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणायचो. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण तो खरा आहे हे जात पडताळणी समितीने मान्य केल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. दिलेल्या मुदतीत व्हॅलिडिटी आली नाही, की मूल खुल्या प्रवर्गात जातं. तिथे यादीत बसलं तर पूर्ण फी भरायची, नाहीतर जागा सोडायची.

पडताळणी नको असं मी मुळीच म्हणत नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटणारे होते आणि आजही आहेत. १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समित्या नेमायला लावल्या त्या अशाच एका दाव्यावरून, आणि ते योग्यच झालं. माझा राग आहे तो पुराव्याचं ओझं कुणावर किती पडतं यावर.

अनुसूचित जातीच्या मुलाने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यायचा, विमुक्त आणि भटक्यांनी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसीने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याचे आजोबा शाळेत गेले, त्याला हे सोपं आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणला की काम होतं. ज्याच्या आजोबांनी शाळेची पायरीच चढली नाही, त्याने काय आणायचं? पुण्यात आणखी एक गोष्ट कानावर यायची. नदीकाठच्या पेठांतली काही घरं सांगत, की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ट्रंकेसकट कागद वाहून गेले. विमुक्त-भटक्यांच्या पुराव्याची तारीख त्यानंतर चार महिन्यांची!

वडारवाडीतली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सेनापती बापट रस्त्याच्या उंच काचेच्या इमारतींच्या मागेच ती वस्ती आहे. तिला विमुक्त जाती (अ) मधून अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) शाखेला जागा मिळाली होती. वडील टेम्पो चालवायचे. आजोबांचा जन्म दगडखाणीवरचा. जिथे रस्त्याचं नाहीतर बंधाऱ्याचं काम निघेल तिथे पाल टाकायचं, काम संपलं की गाढवांवर सामान लादून पुढे. वडील खिडकीवर आले ते साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन. त्यातून एकेक कागद काढून काउंटरवर मांडत गेले. रेशनकार्ड, मतदार यादीची झेरॉक्स, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, शंभराच्या स्टॅम्पवर काढलेली वंशावळ. सगळ्यात खाली, दुधाच्या पिशवीत घालून ठेवलेला एक उतारा. चुलत आजोबा सोलापूरकडच्या एका गावात दोन वर्षं शाळेत गेले होते, त्याचा. तो मिळवायला ते तीनदा गावी गेले होते. रजिस्टरची पानं ओलीने चिकटली होती, मुख्याध्यापकांनी पट्टीने हळूहळू सोडवली म्हणे. नाव होतं, जन्मतारीख होती. जातीच्या रकान्यात ‘हिंदू’ एवढंच.

समितीने त्रुटी काढली. दक्षता पथकाची चौकशी लागली. अध्यक्षांकडे आणखी एका जिल्ह्याचा कारभार असल्यामुळे सुनावणी दोनदा पुढे गेली. मुलगी वर्गात बसत होती, पहिल्या सत्राची जर्नल्स लिहीत होती. मुदत संपली. वाढीव मुदतही संपली. प्रवेश रद्द झाल्याचं पत्र टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. ‘‘मॅडम, जर्नल जमा करू की घरी नेऊ?’’ एवढंच तिने विचारलं. व्हॅलिडिटी पुढच्या फेब्रुवारीत आली. समितीने दावा मान्य केला होता, म्हणजे तिचा हक्क पहिल्या दिवसापासून खरा होता. तोवर तिने बी.एस्सी.ला नाव घातलं होतं.

आता यात गुणवत्तेचा प्रश्न कुठे आला? आणि खुल्या वर्गातल्या कुणाचा यात काय फायदा झाला? ती जागा वर्षभर रिकामी राहिली.

विमुक्तांच्या बाबतीत तर मला हे फार लागतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी केला. पुढे त्याच्याच सुधारित आवृत्त्यांखाली माणसांची नावं पोलीस रजिस्टरात चढली, बोटांचे ठसे घेतले, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभारून त्यांना ठेवलं, हजेरी घेतली. १९५२ मध्ये हा कायदा गेला. म्हणजे या लोकांना शाळेच्या रजिस्टरात येऊ दिलं नाही, पण दुसऱ्या रजिस्टरात सरकारनेच त्यांची जमात लिहून ठेवली होती. जन्माने गुन्हेगार ठरवताना सरकारला पुरावा लागला नाही. आज त्यांच्या नातवंडांना जागा देताना मात्र पुराव्याची सगळी जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे.

आणि सरकारला शोधता येत नाही असंही नाही. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा गावोगावची दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारे बसवले, सापडलेल्या नोंदी स्कॅन करून लोकांना पाहायला ठेवल्या. झालं ते चांगलंच झालं. मुळशी-वेल्ह्यातली शेतकऱ्यांची पोरं मी खिडकीवर पाहिली आहेत, त्यांची ओढाताण मला ठाऊक आहे. मग तशीच मोहीम सेटलमेंटच्या आणि जुन्या पोलिसी नोंदींसाठी का काढू नये? वडारांच्या, पारध्यांच्या, कैकाड्यांच्या मागे मोर्चाला येणारी गर्दी कमी आहे, म्हणून?

फीचंही असंच. विमुक्त-भटक्यांची शिकवणी फी सरकार भरतं, २०२४ पासून ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचीही, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. कागदावर हे उत्तम आहे. पण महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे उशिरा येतात, तोवर महाविद्यालय पालकांकडून ‘तात्पुरते’ भरून घेतं किंवा परीक्षेच्या वेळी अडवतं. आमच्याकडेही वरून तसे तोंडी आदेश असायचे. खेड्यातली माणसं वाद घालत नाहीत. ‘‘बघतो, बाई’’ म्हणून निघून जातात, आणि त्यातली काही परत येत नाहीत. त्यांची नोंद ‘प्रवेश घेतला नाही’ अशी होते, आणि मग कुणीतरी लिहितं, की राखीव जागांना उमेदवारच मिळत नाहीत.

आरक्षणातले लाभ त्याच त्या घरांत फिरतात, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण, म्हणजे त्यातल्या जास्त मागे राहिलेल्यांसाठी वेगळा वाटा, मान्य केलं ते त्याच जाणिवेतून. पण कागदाची ही शर्यत नेमकं तेच घडवते. वडिलांची व्हॅलिडिटी असलेल्या घरातल्या मुलाला त्या आधारावर ती लवकर मिळते. घरातलं पहिलंच शिकणारं मूल अडकतं. आरक्षण सर्वांत गरजूंपर्यंत पोचत नाही म्हणून ज्यांना दुःख होतं, त्यांनी माझ्याबरोबर हे मागावं.

व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीत भरायला लावू नका, आठवीतच शाळेमार्फत भरून घ्या, म्हणजे त्रुटी निघाली तरी हाताशी चार वर्षं राहतील. प्रत्येक जिल्ह्याच्या समितीला पूर्ण वेळ अध्यक्ष द्या. समितीच्या विलंबामुळे मुदत टळली तर मुलाची जागा काढून घेऊ नका, दावा फेटाळला गेला तरच प्रवेश रद्द करा. आणि मुदतवाढीचा जो आदेश दरवर्षी पालकांचा जीव टांगणीला लावून शेवटच्या घटकेला निघतो, तो यंदा पहिल्या फेरीची यादी लागण्याआधी काढा. उच्च व तंत्रशिक्षण खात्याला त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आपली विश्वासू,
निवृत्त कर्मचारी, प्रवेश विभाग
पद्मावती, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)