कंटेनर निघण्याआधी लवादाचं कलम वाचा

मा. संपादक,
स. न.

द्राक्षाचा हंगाम आला की आमच्याकडे पॅकहाऊसमध्ये रेसिड्यू रिपोर्ट (औषध फवारणीच्या अवशेषांची तपासणी), मण्याचा आकार, पेटीचं वजन यावर तासन्‌तास चर्चा होते. कराराच्या शेवटच्या पानाचा विषय मात्र कुणी काढत नाही. मीही काढला नव्हता.

तीन हंगामांमागे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला गेलेल्या माझ्या दोन कंटेनरबद्दल खरेदीदाराचा मेल आला : देठ सुकलेत, मणीगळ आहे, निम्मेच पैसे देऊ. सोबत चार फोटो. पेट्यांची लॉट नंबरची बाजू एकाही फोटोत नव्हती, म्हणजे माल माझाच की दुसऱ्या कुणाचा तेही कळेना. वकिलांनी करार उलटून पाहिला. वाद झाला तर तो कोर्टाऐवजी लवादाने, म्हणजे करारानुसार नेमलेल्या पंचांनी सोडवायचा; लवाद लंडनमध्ये, तोही तीन जणांचा. खर्चाचा अंदाज ऐकून मी निम्म्या पैशांवर गप्प बसलो.

तरीही लवादाची वाटच आमच्या कामाची आहे. नाशिकच्या कोर्टाचा हुकूमनामा नेदरलँड्समध्ये थेट बजावता येत नाही. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे १७० हून अधिक देशांतली कोर्टं मान्य करतात, आणि भारत त्यात १९६० पासून आहे. लवाद कुठे आणि किती जणांचा, हे आपण न वाचता सही करतो, तिथे घोडं अडतं. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. ‘लवादाचं स्थान मुंबई, लवाद एकच, सुनावणी ऑनलाइन’ एवढं करारात घालायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट पुराव्याची. लवाद नेमला जाईपर्यंत द्राक्षं थांबत नाहीत. म्हणून माल पोहोचल्यापासून ठरावीक तासांत, दोघांना मान्य असलेल्या सर्व्हेअरकडून तपासणी व्हावी, हेही त्याच कलमात हवं. नाहीतर लवादापुढे ठेवायला त्यांचे फोटो आणि आपला शब्द एवढंच उरतं. व्हॉट्सॲपवर सौदा करणाऱ्यांनी तर हे आधीच लिहून घ्यावं. लवाद कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहारातला लवाद करारही लेखी धरला जातो.

अपेडा (शेतमाल निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था) आणि राज्य पणन मंडळाने अशा कलमाचा नमुना सोप्या मराठीत प्रत्येक लहान निर्यातदाराच्या हाती द्यावा, ही कळकळीची विनंती. यंदा मी खरेदीदाराशी दोन दिवस घासाघीस केली. मुंबई त्याने मानली नाही. एकच लवाद आणि सर्व्हेअर मात्र मान्य केला.

— एक द्राक्ष निर्यातदार, ता. निफाड, जि. नाशिक