सोयाबीनच्या उताऱ्यावरचा कांदा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालचा आपला अग्रलेख वाचला. सरकारच्या आर्थिक धोरणांत खात्याखात्यांचा मेळ बसत नाही, हे आपले निदान वाचून बरे वाटले. पण त्यावर एक उच्चाधिकार समन्वय समिती नेमावी, हा उपाय शेवटच्या परिच्छेदात वाचला आणि चहा निवून गेला तरी पेला हातातच राहिला. आपण उदाहरण कांद्याचे घेतले आहे आणि मी कांदाच पिकवतो, म्हणून हे पत्र.

कांद्याच्या बाबतीत समित्यांचा तुटवडा पडल्याचे मला आठवत नाही. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालय लावते, बंदी आणि किमान निर्यात मूल्य (ज्याहून स्वस्तात माल देशाबाहेर पाठवता येत नाही ते) वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतून येते, साठ्याची मर्यादा आणि बफर म्हणजे सरकारचा राखीव साठा ग्राहक व्यवहार विभाग पाहतो, शेती हा राज्याचा विषय, बाजार समित्या राज्याच्या पणन म्हणजे शेतमाल विक्रीच्या खात्याकडे आणि महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राखण्याची जोखीम रिझर्व्ह बँकेवर. भाव स्थिरीकरण निधी सुरुवातीला कृषी मंत्रालयाकडे होता, तो १ एप्रिल २०१६ पासून ग्राहक व्यवहार विभागाकडे गेला. भाव स्थिर करायचे ते कोणासाठी, हे त्या एका बदलीतच आम्हाला समजायला हवे होते. आम्हाला जरा उशिरा समजले, इतकेच.

आपण म्हणता, समन्वय नाही. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी, शनिवारी, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद. चार महिन्यांच्या आत दोन मंत्रालयांनी तीन हत्यारे इतक्या शिस्तीने एकामागोमाग चालवली की, याला समन्वयाचा अभाव म्हणणे त्या अधिकाऱ्यांवर अन्याय होईल. भाव चढले की सगळी खाती एका रात्रीत एका टेबलाशी बसतात. भाव पडले की मात्र ज्याची त्याची फाईल ज्याच्या त्याच्या कपाटात जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदी उठल्याच्या बातम्या आल्या, लासलगावच्या कांदा बाजारात भाव चढले आणि लगेच ग्राहक व्यवहार विभागाच्या सचिवांनी खुलासा केला की बंदी कायम आहे. पुढे ३१ मार्चला तिची मुदत संपायची होती, ती आधीच 'पुढील आदेशापर्यंत' वाढवली गेली. बंदी मे महिन्यात उठली, तीही ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले, शुल्क निम्मे झाले आणि ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. आवळायला चार महिने आणि सोडायला सव्वा वर्षाहून जास्त, हा फरक आपल्या अग्रलेखात कुठे दिसला नाही.

पण माझा खरा राग केंद्रावर नाही, तो माझ्या सातबाऱ्यावर आहे. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा मातीमोल झाला, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. अटी सुटसुटीत होत्या: १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळातली विक्री हवी, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलची मर्यादा, विक्रीची पट्टी म्हणजे पावती आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा. माझ्याकडे ११८ क्विंटलच्या पट्ट्या होत्या. उताऱ्यावर सोयाबीन होते. खरिपात सोयाबीन घेतले होते हे खरेच. ते काढून त्याच रानात रांगडा, म्हणजे खरीप आणि उन्हाळ यांच्या मधल्या हंगामाचा, कांदा लावला आणि ई-पीक पाहणी करायला, म्हणजे ॲपवरून पिकाची नोंद उताऱ्यावर चढवायला, मोबाईल घेऊन बांधावर तीन दिवस उभा राहिलो. तिथे रेंज येत नाही. विहिरीच्या कठड्यावर चढले की येते, पण मग ॲप म्हणते की आपण गटाच्या हद्दीबाहेर आहात. चौथ्या दिवशी खुरपणीला बायका आल्या आणि ते राहून गेले.

पट्ट्या घेऊन बाजार समितीत गेलो, तर कांदा इथे विकला हे आम्हाला मान्य आहे, पण तो पिकवला की नाही ते महसूल खात्याने सांगावे, असे उत्तर मिळाले. महसूलच्या कार्यालयात सांगितले की नोंद शेतकऱ्यानेच करायची असते, आता मागच्या हंगामाचे पान उघडत नाही, कृषी खात्याकडून पेऱ्याचा दाखला आणा. कृषी खात्याचे म्हणणे पडले की त्यांना उताऱ्यावर अधिकार नाही आणि अनुदानाची योजना पणनची असल्याने त्यांच्याकडे तसे पत्रही नाही. तिन्ही ठिकाणी माणसे सौजन्याने वागली, एके ठिकाणी बसायला खुर्चीही दिली. कोणीच चुकीचे बोलत नव्हते, हेच तर त्रासाचे होते. सरकारच्या एका खात्याच्या कागदानुसार मी ११८ क्विंटल कांदा विकला होता आणि दुसऱ्या खात्याच्या कागदानुसार तो सोयाबीनच्या झाडाला लागला होता.

पुढे ज्यांच्या उताऱ्यावर नोंद नाही त्यांच्यासाठी पाहणीची सोय निघाली. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मे महिन्याच्या एका दुपारी, फेब्रुवारीत उपटलेला कांदा पाहायला माझ्या शेतावर आले. रान नांगरून पडले होते, ढेकळांशिवाय पाहण्यासारखे काही नव्हते. मी त्यांना बांधाला टाकलेली वाळकी पात आणि गोण्यांत न भरता बाजूला काढलेला, मोड आलेला चिंगळी म्हणजे बारीक कांदा दाखवला. तिघांनी तो हातात घेऊन पाहिला. एकाने वासही घेतला. पंचनामा झाला, सह्या झाल्या आणि माझा कांदा अखेर कांदा ठरला.

रक्कम ४१,३०० रुपये होत होती. ती हप्त्यांनी येणार असे कळले आणि पहिला हप्ता खात्यावर पडण्याआधीच ते ४० टक्क्यांचे शुल्क येऊन ठेपले होते. शुल्क निर्यातदार भरतो असे वाणिज्याच्या पुस्तकात असेल; लिलावाच्या ओट्यावर तो बोली लावतानाच ते वजा करून बोलतो आणि ते वजा होते ट्रॉलीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हिशोबातून. म्हणजे पडलेल्या भावाची भरपाई मुंबईच्या सरकारकडून पोहोचायच्या आत, उन्हाळ कांद्याच्या चढत्या भावातून दिल्लीच्या सरकारने आपले कापून घेतले. आता यावर कोणती समन्वय समिती काय करणार होती, ते संपादक महोदयांनी एकदा सविस्तर लिहावे. दोन्ही निर्णय आपापल्या खात्याच्या दृष्टीने रीतसर, वेळेत आणि बैठका घेऊनच झाले असतील, याविषयी मला शंका नाही.

याहून जुनी गंमत हवी असेल तर सप्टेंबर २०२० आठवावा. १४ तारखेला कांद्याची निर्यात बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने, कांद्यासारख्या मालावर एरवी साठ्याची बंधने नकोत, असे सांगणारे अत्यावश्यक वस्तूंचे दुरुस्ती विधेयक मंजूर केले. ऑक्टोबरमध्ये त्याच कांद्यावर घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी मर्यादा आली. कायद्यातल्या अपवादाच्या कलमात ते बसतही होते. आमच्या गावातल्या एका व्यापाऱ्याने तेव्हा कांदा साठवायची चाळ वाढवण्यासाठी पत्रे आणून ठेवले होते, ते पुढे गोठ्यावर गेले.

मला मागायचे ते अगदी थोडे आहे. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती व्याजदर ठरवते, तो किती असेल ते कोणाला आधी कळत नाही. पण ती कोणत्या तारखांना बसणार, हे वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर असते. कर्ज घेणाराही जाणतो आणि देणाराही जाणतो. कांद्याचा निर्णय शनिवारी होतो आणि सोमवारी लिलाव बंद असतात. उन्हाळ कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्चपासून आणि चाळीतला माल दिवाळीपर्यंत पुरवायचा असतो. निर्यातीचे, शुल्काचे, बफर खरेदीचे जे काय करायचे ते रोप टाकण्याआधी एका ठरलेल्या दिवशी सांगा आणि पुढची काढणी होईपर्यंत बदलू नका. प्रतिकूल असले तरी चालेल, आम्ही एक एकर कमी लावू. यासाठी समिती लागत नाही, कॅलेंडर लागते आणि ते प्रत्येक कार्यालयात भिंतीवर टांगलेले मी पाहिले आहे.

जाता जाता आणखी एक. अग्रलेखात आपण 'माहितीची वेळेवर देवाणघेवाण' या मुद्द्यावर बराच भर दिला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्याच अंकात शेवटच्या पानावरचा बाजारभावाचा रकाना एका गृहप्रकल्पाच्या जाहिरातीला जागा देण्यासाठी वगळला होता. या महिन्यात असे चौथ्यांदा झाले. शिवाय रकाना येतो तेव्हाही त्यात किमान आणि कमाल भाव असतात, सरासरी भाव नसतो. कमाल भाव एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असतो आणि शहरातले वाचक तोच पाहून आम्हाला फोन करतात. सरासरीचा आकडा छापायला एक ओळ पुरेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक कांदा उत्पादक, जि. नाशिक